उजवा अंगठा

फाइल हाती यायला अकरा आठवडे लागले.
मी तिची नात आहे, हे आधी सिद्ध करावं लागलं:
आईचा जन्मदाखला, माझा,
आणि एक फॉर्म, त्यात प्रश्न होता,
ही माहिती आपणांस कशासाठी हवी?
मी लिहिलं, आजीसाठी.
मग खोडलं. लिहिलं, कौटुंबिक.

ब्रिस्बेन. चौथा मजला. गार खोली.
पेन बाहेर ठेवा, पेन्सिल चालेल, म्हणाली बाई,
आणि वाईट काही असेल आत, तर
पाण्याचा जग तिकडे आहे.

थेल्मा. वय अंदाजे चौदा. अर्धजात.
आडनावाच्या रकान्यात कॅराडून,
म्हणजे ती जिथे राबायची त्या गुरांच्या रानाचं नाव;
तेच नाव तिथल्या घोड्यांवर डागलेलं असायचं.
पगार: खात्यात जमा.
खातं: संरक्षक साहेबांकडे.
कोणापासून संरक्षण, ते कुठे लिहिलेलं नाही.

लग्नाचा अर्ज: विचाराधीन.
पुढच्या वर्षी: विचाराधीन.
तो विचार चालू असतानाच माझी आई जन्मली.

मग एक पत्र. आजीच्या हातचं.
मला ठाऊक होतं ते अक्षर, उजवीकडे झुकलेलं,
वाऱ्याला पाठ देऊन चालणाऱ्या माणसासारखं.
महोदय,
माझ्या पैशांतून एक पौंड सात शिलिंग मिळावेत.
बूट घ्यायचे आहेत. डाव्याचा तळ गेला आहे.
मी आधी दोनदा लिहिलं होतं.
आपली, थेल्मा.

त्याच कागदाच्या तळाशी, लाल शाईत:
अर्जदार निरक्षर व उधळी. नामंजूर.

मी तो शेरा तीनदा वाचला.
तिच्या चार स्वच्छ ओळींखाली
निरक्षर.

त्यानंतर पैसे काढल्याच्या पावत्या.
दोन पौंड, कपडे. तीन पौंड, किरकोळ.
पाच पौंड, कारण नाही.
आणि प्रत्येक पावतीवर, सहीच्या जागी,
जांभळा, ठसठशीत, उजवा अंगठा.
लिहिता येणाऱ्या बाईला
कागदावर अंगठेबहाद्दर केलं होतं.

पण थांबा.
मागचं पान. एकोणीसशे छत्तीस, जून.
अपघात. गवत कापायचं यंत्र.
उजवा अंगठा, पहिल्या पेरापासून.
उपचारखर्च खात्यातून वजा.

मी पुन्हा पावत्या काढल्या. तारखा पाहिल्या.
अडतीस. चाळीस. एक्केचाळीस.
ठशात वळणावर वळण, मधे छोटा भोवरा,
टोकापर्यंत शाबूत, गुबगुबीत,
ऊन कधी न लागलेला कुणाचा तरी अंगठा.

मी पाण्याच्या जगाकडे गेले नाही.
हसले. मोठ्यानं. बाईनं मान वर केली.
आमच्या भाषेतले जे शब्द आजीनं मला दिले नाहीत
(बोललं की साबणानं तोंड धुवायचे म्हणे)
त्यांतला एखादा इथे बरोबर बसला असता.

तिचा तो अंगठा मला आठवतो.
गुळगुळीत, नख नसलेला, नदीतल्या गोट्यासारखा.
मी लहानपणी तो मुठीत धरून झोपायचे.
कसा तुटला विचारलं की म्हणायची,
सरकारकडे गहाण ठेवलाय.
मला वाटायचं, आजी गंमत करते.

आणि दुकानात, प्रत्येक वेळी,
ती गल्ल्यासमोर उभी राहून सुटे पैसे मोजायची.
एकदा. मग पुन्हा एकदा.
अर्ध्या अंगठ्यानं एकेक नाणं पुढे सरकवत,
पावतीशी ताडून पाहत,
मागे रांग वाढायची, कुणी उसासे टाकायचं,
आणि मी, नऊ वर्षांची, शाळेच्या गणवेशात,
बिस्किटांच्या फळीमागे जाऊन उभी राहायचे,
ती माझी कोणी नसल्यासारखी.